पाचवा टोला

चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासणारी बाई गोल्फ खेळते, असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "ते श्रीमंतांचं ना?" म्हणून तिने सांगणंच सोडून दिलं होतं. दुकानाच्या मालकांना ठाऊक नव्हतं. शनिवारी उजाडायच्या आत खांद्याला लांबलचक पिशवी अडकवून ती निघाली की शेजारणींना वाटे, ही कसलं तरी वाद्य शिकायला जाते. तिनेही तो गैरसमज कधी दूर केला नाही. उलट एकदा एकीने विचारलं, "कुठवर आलंय शिकणं?" तर म्हणाली, "सूर लागतोय हळूहळू."

संघात तिला सगळ्या चष्मेवाली म्हणत. तिला स्वतःला चष्मा नव्हता, पण टोपणनावं कुठे पुरावे मागतात.

आठवड्याचे पाच दिवस पूर्ण दुकान, शनिवारी दुपारी एकपासून पुन्हा दुकान. रविवार म्हणजे धुणं, सासऱ्यांच्या गोळ्या आणणं, मुलाचं गणित आणि नवऱ्याचं "आज जरा निवांत बसू या", ज्यात तो निवांत बसे आणि ती या खोलीतून त्या खोलीत करी. उरली शनिवारची सकाळ. सहा ते अकरा. त्या पाच तासांत तिला कुणीही "माझे मोजे कुठे आहेत" असं विचारत नसे. तिचं एकटीचं म्हणून जगात जे काही होतं ते एवढंच, आणि आज तेच पणाला लागलं होतं.

झालं होतं असं. मैदान शंभर वर्षांहून जुनं. आखणाऱ्याने ते आखताना माणसांवर कसला तरी राग काढला असावा, कारण ग्रीन, म्हणजे होलभोवतीचे बारीक कातरलेल्या गवताचे पट्टे, सगळी छोटी आणि उलट्या बशीसारखी, चेंडू मध्यावर टाकला तरी कडेने घरंगळून खाली. वाळूचे खड्डे इतके खोल की दोन ठिकाणी उतरायला लाकडी पायऱ्या. क्लबच्या दिवाणखान्यात जाड मिशांच्या सद्गृहस्थांच्या तसबिरी रांगेने लावलेल्या, आणि बायकांना कपडे बदलायला दिलेली खोली पूर्वी बूट ठेवायची होती. अजून तिथे पॉलिशचा वास येई. अशा क्लबात बायकांच्या संघाला शनिवारची सकाळ मिळाली होती हेच नवल. महिन्यापूर्वी सेक्रेटरींनी फळ्यावर कागद लावला: महिला संघ पहिल्या गटात असेपर्यंत शनिवारची वेळ कायम राहील, संघ दुसऱ्या गटात गेल्यास महिलांनी मंगळवारी दुपारी खेळावे. खाली "सहकार्याबद्दल आभार". सहकार्य मागितलं कुणी होतं आणि दिलं कुणी होतं, देव जाणे.

मंगळवारी दुपारी चष्म्याच्या दुकानात बसायला खुर्ची नसते. मंगळवार म्हणजे तिच्यापुरता खेळ संपला, असा सरळ हिशोब होता. आणि यंदा संघ घसरत घसरत अशा जागी येऊन ठेपला होता की आजच्या सामन्यात जो हरेल तो खाली जाणार. समोर शेजारच्या क्लबचा संघ. सामना तीन जोड्यांचा. पहिली जोडी जिंकली, दुसरी हरली. राहिली तिसरी: चष्मेवाली आणि तिची नणंद.

नणंदेबद्दल सांगायलाच हवं, कारण तिच्याशिवाय ही गोष्टच घडली नसती. नणंद नवऱ्याहून सहा वर्षांनी मोठी, उंचीने बेताची, आवाजाने भरभक्कम. चष्मेवाली तोंडावर तिला ताई म्हणे. वन्सं म्हणायची ती राग आला की, आणि तेही मनातल्या मनात. लग्न होऊन ही घरात आली त्या पहिल्या आठवड्यात नणंदेने हिच्या हातातली कणीक काढून घेतली, "दे इकडे, मी करते," म्हणून, आणि तिथपासून वीस वर्षं ते वाक्य काही थांबलं नव्हतं. मुलाच्या शाळाप्रवेशाच्या वेळी मुख्याध्यापिकेने आईला प्रश्न विचारले आणि उत्तरं आत्याने दिली. हिच्या गाडीच्या परीक्षेला नणंद मागच्या सीटवर बसली होती, आणि परीक्षकाने "डावीकडे घ्या" म्हटल्यावर "घेतेय ती" असं तिनेच सांगितलं. बरं, वाईट म्हणावं तर तसंही नाही. घरात दुखणंबाणं आलं की पहिली धावून येणारी तीच. गोल्फमध्ये हिला आणली तीच. "एक बाई कमी पडतेय संघात, तू नुसती उभी राहा," म्हणाली, आणि आपल्या जुन्या काठ्या, जुनी पिशवी आणि अर्ध्या मापाने मोठे बूट दिले. नुसती उभी राहता राहता चष्मेवाली खेळायला लागली, आणि चांगली खेळायला लागली. याचं सगळ्यात जास्त आश्चर्य नणंदेलाच वाटलं.

या सामन्यात जोडीला चेंडू एकच असतो. एकीने मारायचा, तो जिथे पडेल तिथून दुसरीने, मग पुन्हा पहिलीने, अशी आळीपाळी, चेंडू होलमध्ये पडेपर्यंत. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या अशा होलची, म्हणजे मैदानाच्या त्या त्या टप्प्याची, सुरुवात एकीने करायची, दुसऱ्या, चौथ्या, सहाव्याची दुसरीने. पाळी मोडली, म्हणजे एकीनेच सलग दोनदा मारला, की तो होल गेला. जी जोडी कमी टोल्यांत चेंडू घालेल तो होल तिचा. अठरा होलमध्ये ज्यांचे जास्त, ते जिंकले. आणि एक रीत अशी की चेंडू होलच्या अगदी तोंडाशी असेल तर समोरची जोडी म्हणू शकते, "दिला." मग तो मारावा लागत नाही, उचलायचा. पण द्यायचा की नाही ही सर्वस्वी त्यांची मर्जी. मागायचा नसतो.

संघाच्या कॅप्टनने यात आपला एक नियम घातला होता. कॅप्टन म्हणजे शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या बाई, अजूनही फळ्यासमोर उभं राहिल्यासारख्या बोलणाऱ्या. त्यांचा नियम: जोडीदारणीला सॉरी म्हणायचं नाही. "एक चेंडू, दोघींचा. सॉरी म्हणालात की तो एकीचा होतो." जी म्हणेल तिने पुढच्या सरावाला सगळ्यांचे चेंडू वेचायचे. चष्मेवालीने त्या वर्षी इतके चेंडू वेचले होते की मैदानातलं एकेक बीळ तिला पाठ झालं होतं. नणंदेवर ती वेळ एकदाही आली नव्हती.

अकराव्या होलपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. नणंद-भावजय तीन होलनी पुढे. समोर औषधांच्या दुकानात काम करणारी एक उंच, शांत बाई आणि तिची केस आखूड कापलेली जोडीदारीण. औषधवाली मोठी दिलदार निघाली. चष्मेवालीचा चेंडू होलपासून हातभर असला तरी ती म्हणे, "दिला." पहिल्यावर दिला, चौथ्यावर दिला, सातव्यावर दिला. चष्मेवाली वाकायची, चेंडू उचलायची आणि मनात म्हणायची, सुटले.

कारण तिचं एक गुपित होतं. हिवाळ्यापासून तिचा उजवा हात उसळत होता. लांबच्या टोल्याला नाही, वाळूतून काढताना नाही; फक्त होलजवळच्या, हातभर अंतराच्या टोल्याला. काठी मागे नेली की नेमक्या क्षणी मनगटाला कुणीतरी मागून धक्का दिल्यासारखं होई आणि चेंडू भलतीकडे. हा रोग या खेळात जुनाच आहे, भल्याभल्यांना झालेला आहे, पण ज्याला होतो त्याला तो आपल्यालाच झालाय असं वाटतं. सरावात मैत्रिणी एकमेकींना छोटे टोले देऊन टाकतात, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दुकानात भिंगं बसवताना तोच हात दगडासारखा स्थिर असे.

औषधवालीने मात्र हेरलं असावं. वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाचा चेहरा बघून दुखणं ओळखणारी बाई ती. "दिला" म्हटल्यावर ही जरा जास्तच घाईने वाकते, हे तिला दिसलं असणार. बाराव्या होलवर चष्मेवालीचा चेंडू तसाच हातभर अंतरावर होता. ती "दिला" ऐकायला थांबली. औषधवाली झाडाकडे बघत होती. चष्मेवाली आणखी थोडी थांबली. मागायचा तर नसतो. शेवटी ती चेंडूवर उभी राहिली, काठी मागे गेली, मनगट उसळलं आणि चेंडू होलला बाजूने वळसा घालून उताराला लागला. होल गेला.

पंधराव्यावर पुन्हा तेच. तीनची आघाडी एकावर आली. हारजीत बघायला दोन्ही संघांच्या बाकीच्या बायका आता त्यांच्या मागे मागे चालत होत्या.

सोळाव्याकडे जाताना नणंदेने तिला गाठलं आणि हळू आवाजात, म्हणजे तिच्या मानाने हळू आवाजात, विचारलं, "काय होतंय तुला?"

"काही नाही."

"काही नाही कसं? दोन्ही हातभरावरचे. झोपेत घालशील तू असले."

"ताई, उजवा हात उसळतो. छोटा टोला असला की. मोठ्याला काही होत नाही."

नणंद चालता चालता थांबली. "कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

"आणि मला आज सांगतेस? सोळाव्या होलवर?"

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही मला खेळवलं असतं?"

नणंद पुन्हा चालायला लागली. दहा पावलं गेल्यावर ती म्हणाली, "बरं. आता तू डोकं चालवू नकोस. मी बघते. तुझ्यापर्यंत छोटा टोला येऊच देत नाही."

आणि खरोखरच येऊ दिला नाही. सोळाव्यावर समोरच्या जोडीचा चेंडू वाळूत रुतला, होल बरोबरीत सुटला. सतराव्यावर नणंदेने ग्रीनच्या टोकाकडून असा काही चेंडू घातला की कॅप्टनने शाळा सोडल्यानंतर पहिल्यांदा टाळी वाजवली. तोही होल बरोबरीत सुटला. एक होलची आघाडी, एक होल बाकी. अठरावा नुसता बरोबरीत सुटला तरी सामना त्यांचा, आणि शनिवार त्यांचा.

अठराव्याची सुरुवात चष्मेवालीची. टोला सरळ गेला. लांबच्या टोल्याशी तिचं भांडण नव्हतंच. दुसरा नणंदेचा. तिने जोर जरा जास्त लावला आणि चेंडू ग्रीनच्या कडेच्या खोल खड्ड्यात, वाळूत. नणंद स्वतःवरच चरफडली. चष्मेवाली लाकडी पायऱ्या उतरून खाली गेली. खालून तिला फक्त आकाश आणि झेंड्याचं टोक दिसत होतं. तिसरा टोला तिचा. वाळूचा फवारा उडाला आणि वरून टाळ्या ऐकू आल्या. चेंडू ग्रीनवर होता, होलपासून आठ-नऊ पावलांवर.

समोरच्या जोडीने तोवर पाच टोल्यांत चेंडू घातला होता, तोही औषधवालीचा एक सोपा टोला हुकून. दोघींचे चेहरे उतरले होते. केस आखूड असलेली गवतात पडलेली आपली टोपी शोधत होती आणि औषधवाली हातमोजा काढत होती.

चौथा टोला नणंदेचा. हा आत गेला तर सामना तिथेच संपला. नणंदेने उतार दोनदा पाहिला, तिसऱ्यांदा पाहिला. मारला. चेंडू रेषेत गेला, सरळ गेला, आणि होलच्या अलीकडे हातभरावर थांबला. बघणाऱ्या बायकांच्या तोंडून एकदम "अरेरे" निघालं.

हातभर. पाचवा टोला. चष्मेवालीचा.

तिने औषधवालीकडे पाहिलं. औषधवाली हातमोज्याचं एकेक बोट सावकाश सोडवत होती. ती काही बोलणार नव्हती. चष्मेवालीच्या उजव्या मनगटात आत्ताच, काठी हातात नीट धरायच्या आधीच, काहीतरी लपलप करायला लागलं. पाय उचलेनात. एवढ्यात नणंद "काय मेलं हे, एवढंसं राहावं!" असं पुटपुटत तरातरा पुढे गेली आणि त्याच रागात, जाता जाता, एका हाताने काठी टेकवून चेंडू आत ढकलून दिला. टप्प असा आवाज झाला.

एकच गलका उठला. कॅप्टन धावत आल्या. कुणी कुणाला मिठी मारली. औषधवाली टोपी काढून, हात पुढे करून नणंदेकडे निघाली. कितवा टोला कोण मारतंय हे खेळणाऱ्यांशिवाय कुणी मोजत नसतं, आणि समोरच्या दोघींचं लक्ष त्या क्षणी आपल्या पराभवात होतं. नणंदेच्या तर गावीही नव्हतं. हातातलं काम राहिलेलं दिसलं की ते उरकून टाकायचं, या सवयीने तिने तो चेंडू उरकला होता.

चष्मेवालीने मोजलं होतं. चौथा ताई. पाचवाही ताई.

आता इथे प्रामाणिकपणा वगैरे मोठे शब्द नकोत. नियम तिला ठाऊक होता, गप्प बसणं म्हणजे चोरी हेही ठाऊक होतं, पण खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी तिच्या मनात यातलं काहीच आलं नाही. पहिल्या क्षणी तिला फक्त हायसं वाटलं. सुटले. तो टोला मला मारावा लागला नाही. आणि मगच तिला त्या हायसं वाटण्याची भयंकर लाज वाटली. कारण ते ओळखीचं होतं. कणीक हातातून गेली तेव्हा हेच वाटलं होतं. मुख्याध्यापिकेसमोर, गाडीत, प्रत्येक वेळी. वीस वर्षं ती मनात वन्संच्या नावाने बोटं मोडत आली होती, आणि वीस वर्षं दर वेळी आतून हुश्श करून एक पाऊल मागे सरकली होती. नणंद पुढे आली होती हे खरं, पण हिने जागाही करून दिली होती.

"थांबा," ती म्हणाली.

कुणालाच ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा म्हटलं, आणि या वेळी तिचा आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला. "थांबा! तो टोला माझा होता."

औषधवालीचा हात पुढे होता तिथेच राहिला. नणंद हसत वळली. "काय म्हणतेस?"

"चौथा तुम्ही मारलात, ताई. पाचवा माझा होता. तोही तुम्हीच मारलात."

नणंदेचं हसू लगेच गेलं नाही, आधी डोळ्यांतून गेलं आणि मग ओठांवरून. ती बोटांवर मोजायला लागली. पहिला तू, दुसरा मी, तिसरा तू वाळूतून. चौथ्या बोटावर येऊन थांबली. तिच्या भरभक्कम आवाजाचं काय झालं कुणास ठाऊक, तोंडून नुसतं "अगं बाई" एवढंच निघालं.

गलका विरला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक जण कुजबुजली, "त्यांच्या लक्षात तरी आलं होतं का?" आणि दुसरीने तिला कोपर मारलं. कॅप्टनने डोळे मिटले, उघडले आणि प्रमेय सांगावं तशा कोरड्या आवाजात म्हणाल्या, "होल त्यांचा. सामना बरोबरीत. पहिल्या होलवर चला. जो होल जिंकेल त्याचा सामना."

पहिल्या होलकडे जायला क्लबच्या इमारतीला वळसा घालावा लागतो. त्या वाटेवर नणंद एकदाच बोलली. "सॉरी," म्हणाली. कॅप्टन दोन पावलं मागे होत्या, त्यांनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. चष्मेवालीला राग यावा असं वाटत होतं, पण राग येईना. भीती मात्र पुरेपूर होती.

सुरुवात नणंदेची, पाळीप्रमाणे. टोला चांगला. दुसरा चष्मेवालीचा, ग्रीनच्या अलीकडे गवतात. समोरच्या जोडीचा दुसरा ग्रीनवर. त्यांचा तिसरा होलच्या तोंडाशी येऊन थांबला, इतक्या तोंडाशी की नणंदेने "दिला" म्हणून टाकलं. म्हणजे त्यांचे चार. आता इकडचे झालेले दोन. तिसरा नणंदेचा, गवतातून. नणंद चेंडूवर कितीतरी वेळ उभी होती. हा थेट होलमध्ये घातला तरच छोटा टोला टळणार होता, आणि ते चष्मेवालीला कळत होतं, नणंदेला कळत होतं, औषधवालीलाही कळत होतं. चेंडू उडाला, पडला, घरंगळला. उलट्या बशीवरून खाली जाईल असं वाटत असताना होलच्या पलीकडे थांबला. हातभर, वर थोडंसं.

चौथा टोला चष्मेवालीचा. घातला तर बरोबरी, पुढचा होल. चुकला तर संपलं.

कुणी "दिला" म्हणालं नाही. म्हणावं अशी अपेक्षाही आता तिला नव्हती. नणंद पुढे आली, अगदी दोन पावलं, आणि हिने नुसतं तिच्याकडे पाहिलं. नणंद मागे जाऊन उभी राहिली आणि काठी दोन्ही हातांनी पाठीमागे धरून राहिली, जणू ती हातात राहिली तर काय होईल याचा तिलाच भरवसा नव्हता.

चष्मेवाली चेंडूवर उभी राहिली. उतार उजवीकडून डावीकडे, कळेल न कळेल एवढा. मनगट लपलपत होतं. तिने ते लपलपू दिलं. काठी मागे गेली, हात उसळला, चेंडू निघाला. होलच्या डाव्या काठावर चढला, काठावरून फिरला, अर्धा दिसेनासा झाला आणि पलीकडून बाहेर येऊन थांबला.

शनिवार गेला.

तिला आधी काही ऐकू आलं नाही, मग सगळं एकदम ऐकू आलं: समोरच्या संघाचा जल्लोष, झेंड्याची फडफड, कुणाचं तरी रडणं. ते तिचंच होतं. औषधवाली आली, हात हातात घेतला आणि लगेच सोडला नाही. "तुम्ही बोलला नसतात तर आमच्या लक्षातही आलं नसतं," ती म्हणाली. चष्मेवालीने मान हलवली. त्यातून शनिवार काही परत येत नव्हता.

कॅप्टनजवळ नणंद हातवारे करून सांगत होती, "सगळं माझ्यामुळे. अठराव्यावर मी ती घाई केली नसती तर... माझंच चुकलं. लिहायचं तर माझं नाव लिहा."

"शेवटचा मी चुकवला," चष्मेवाली मध्येच म्हणाली, डोळे पुसत. "अठरावा तुमचा, ताई. हा माझा."

दुपारी नणंदेच्या गाडीतून दोघी परत निघाल्या. पिशव्या मागच्या सीटवर एकमेकींवर पडलेल्या. सिग्नलला गाडी थांबली, सुटली, पुन्हा थांबली.

"मला काय, मंगळवारही चालेल," नणंद शेवटी म्हणाली. "पण तुझं काय होणार? मंगळवारी दुकानातून कुठे सोडणार ते तुला."

"विचारणार आहे. सोमवारी."

"काय कारण सांगणार? आजच्यासाठी तर दाढ दुखते म्हणून सांगितलंस ना?"

"गोल्फ खेळायचंय म्हणून सांगणार."

नणंदेने तिच्याकडे वळून पाहिलं. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला तेव्हा कुठे पुढे बघितलं. थोडं अंतर गेल्यावर तिचा नेहमीचा आवाज परत आला. "हसतील ते तुला. असं कर, मी बोलते. तुला तिथे चिकटवलं ते मीच ना, माझा शब्द मोडायचे नाहीत. आज संध्याकाळीच फोन करते."

"नाही, ताई."

"अगं, एक फोन. त्यात काय?"

"नको. मी विचारते."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

चष्मेवालीने खिडकीबाहेर पाहिलं. दुकानांची शटर्स उघडी होती, लोक आपापल्या शनिवारात गुंतलेले होते. तिचा उजवा हात मांडीवर होता, मुकाट.

"तर नाही म्हणतील," ती म्हणाली. "पण मला म्हणतील."